काश्मीर, शेगाव की लोणारचा खड्डा?

सदर : विनंती थांबा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाहून ५४ वर्षांच्या ताईंचं पत्र आलं आहे. घरची साडेपाच एकर कोरडवाहू. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. मुलगा पुण्यात नोकरीला. यंदा दिवाळीच्या सुट्टीत त्यानं आईवडिलांना विमानानं काश्मीर दाखवायचं ठरवलंय, एका टूरवाल्याकडे चौकशीही करून ठेवलीय. मालक म्हणतात, सोयाबीनची मळणी आणि कापसाचा पहिला वेचा सोडून कुठं जायचं? बचत गटातल्या आठ जणी शेगावला जायचं म्हणताहेत. ताईंच्या मनात मात्र लोणार आहे. सातवीत शाळेची सहल लोणारला गेली होती, पंधरा रुपये वर्गणी होती, वडिलांनी पाठवलं नाही. मुलाला हे सांगितलं तर तो हसला, "आई, खड्डा काय पाहायचा?" मालक म्हणाले, "देवाले जाय, नाई कोन म्हनते? पन फिराले कायले?" ताई लिहितात : आम्ही बायका एकट्याच कशा जाणार? माझे गुडघे दुखतात. म्हैस माझ्याशिवाय कोणाला धार देत नाही. या वयात असा हट्ट धरणं बरोबर आहे का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि आधी मलाच लाज वाटली. एसटीत मी ३१ वर्षं कंडक्टर होतो. त्यातली दोन वर्षं माझ्याकडे लोणारची मुक्कामी गाडी होती. रात्री नऊच्या सुमाराला गाडी स्टँडला लागायची. वेबिल, म्हणजे दिवसाच्या तिकिटांचा हिशेब, पुरं करायचं, पैशाची थैली उशाखाली घ्यायची, डबा सोडायचा आणि ड्रायव्हर अन् मी आडवे. पहाटे साडेपाचला परतीची फेरी. अशा दीडशेच्या वर रात्री मी त्या गावात काढल्या असतील. सरोवर पायी जाण्यासारख्या अंतरावर. एकदाही पाहिलं नाही. कोणी विचारलं तर सांगायचो, "काय हाय तिथं? पानीच तं हाय."

निवृत्त झाल्यावर एका जानेवारीत बायकोला घेऊन गेलो. रिक्षात बसल्या बसल्या ती म्हणाली, "तुमी तं इथं मुक्कामाले येत होते ना? मंग सांगा ना कसं हाय ते." मला काही सांगताच येईना. खोटं बोलायलाही काही सुचेना. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "दोन वर्सांत एक डाव बी पाहावसं नाई वाटलं?" माझी अर्धी नोकरी तिथल्या तिथं पाण्यात गेली.

काठावर पोचलो तेव्हा ऊन नुकतंच खाली उतरत होतं. आपल्याला तलाव म्हटलं की वाटतं, चालत गेलं की पाणी लागेल. इथं जमीन एकदम संपते. खाली झाडांचं गोल रिंगण आणि त्याच्या मध्ये हिरवट, जाड दिसणारं पाणी. मोर ओरडत होते, पण आवाज खालून वर येत होता, जणू आपण झाडांच्याही वरच्या माळ्यावर उभे आहोत. तोंडाचा व्यास १.८ किलोमीटर. मी कास्तकाराच्या घरचा, मी एकरात हिशेब केला : सव्वासहाशेच्या आसपास एकर भरतात. तुमची साडेपाच एकर त्यात शंभरावर वेळा मावेल. खोली दीडशे मीटरच्या आतबाहेर, म्हणजे पन्नास फुटी नऊ विहिरी एकावर एक ठेवल्या तरी काठ दिसायला मान वर करावी लागेल.

तुमच्या मुलाला म्हणावं, खड्डाच आहे. फक्त तो कोणी खणला ते पाहा. तुमच्या वावरातली काळी माती ज्या काळ्या दगडाची झाली, त्याच दगडावर आकाशातून अशनी येऊन आदळला आणि हे झालं. बसाल्ट म्हणतात त्या दगडाला. त्यात पडलेली आणि अजून शाबूत असलेली अशी विवरं जगात फार थोडी आहेत. कधी पडलं, यावर शास्त्रज्ञांचं अजून जमत नाही. कोणी पन्नास हजार वर्षं म्हणतो, कोणी पाच लाखांच्या वर. पाणी खारं आणि क्षारांचं. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं, तेव्हा पेपरात फोटो आले होते. पाणी आटून मीठ वाढलं की वाढणारे सूक्ष्म जीव त्याला कारण होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचं नाव रामसरच्या यादीत गेलं, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. सातवीतल्या मुलीला हे पाहावंसं वाटलं होतं. तिची निवड चांगली होती.

काठावर एक बाई बोरं विकत बसली होती. तिनं सांगितलं की खाली कमळजेच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी खारं, एका बाजूचं गोड. माझ्या बायकोनं लगेच विचारलं, "खारी बाजू कोनाची?" बोरंवाली म्हणाली, "आपापल्या घरी जाऊन पाहा." दोघी इतक्या हसल्या की मला बोरांचे पैसे दोनदा द्यावे लागले, पहिले दिले ते कोणाच्या लक्षातच नव्हते.

आता तुमच्या पत्राकडे येतो. तुम्ही एक शब्द वापरलाय, 'हट्ट'. मुलाच्या बेताला तुम्ही 'सहल' म्हणता, गटाच्या बेताला 'दर्शन', मालक आठवडी बाजारी जाऊन चहा पिऊन येतात ते 'काम'. फक्त तुमच्या बेताला हट्ट. तिकीट फाडताना, पुढे मशीन आल्यावर बटणं दाबताना, मी हे रोज पाहिलं. बाई कुठं निघाली हे तिच्या पिशवीवरून कळतं : माहेर, दवाखाना, लग्न, तेरवी, देव. तीन जणांच्या बाकावर खिडकीशी बहुतेक वेळा नवरा असतो आणि तो झोपलेला असतो. मध्ये पोरगं. कडेला बाई, मांडीवर पिशवी, एक हात पुढच्या दांड्याला. तुम्ही काही कमी प्रवास केलेला नाही, ताई. खिडकी मिळाली नाही, एवढंच.

दुसरा शब्द 'एकट्याच'. आठ जणी आहात! आठ जणींना एकट्या म्हणायची ही पद्धत कोणी पाडली कोण जाणे. चार पुरुष तिरुपतीला निघाले तर त्यांना कोणी 'एकटेच चालले' म्हणत नाही. गावात दोन दिवस बोलतील, मग कोणाचं तरी लग्न मोडेल आणि विषय बदलेल. यावर याहून जास्त शाई मी खर्च करत नाही.

मालकांचं मात्र एक बरोबर आहे आणि ते मोकळेपणानं मान्य करा. ऑक्टोबर-नोव्हेंबर ही निघायची वेळ नाही. सोयाबीन वावरात असताना मन तिकडंच राहतं, ढग दिसला की माणूस गाडीत बसल्या बसल्या घरी फोन लावतो, "झाकलं का?" कास्तकार कधी निघतात हे मला पाठ आहे, कारण आमची गाडी त्यांच्यावरच भरायची. एक सवड पोळ्यानंतर मिळते, सोयाबीन सोंगणीच्या आधीची आठ-दहा दिवसांची. तेव्हा लोणार हिरवंगार असतं, पण पाऊस दगा देऊ शकतो आणि वाट निसरडी होते. दुसरी सवड शेवटचा वेचा झाला, तूर घरात आली, पऱ्हाटी उपटली की. म्हणजे फेब्रुवारी ते होळी. तुमच्यासाठी ही चांगली : ऊन सोसवतं आणि कापसाचे पैसे हातात असतात. घरी गहू-हरभरा असेल तर तो काढायच्या आधी निघा. एप्रिल-मे मात्र आपल्याकडे प्रवासाचं नाव काढू नका. पारा ४५ च्या घरात जातो आणि लग्नसराईमुळे गाडीत पाय ठेवायला जागा नसते. आषाढीच्या आसपासही लांबच्या बेताला जपून, कारण पुष्कळ गाड्या पंढरपूरला लागतात आणि एरवीच्या फेऱ्या कमी होतात.

"देवाला जा, फिरायला नको" यावर पुष्कळ जणी एक युक्ती करतात. घरी शेगाव सांगायचं आणि वाटेत लोणार पाहून यायचं. मी ती युक्ती सुचवणार नाही. पकडल्या जाल म्हणून नव्हे, जरी आठ जणींत एक तरी सांगेलच. काठावर उभं राहून, घरी काय सांगायचं याचा विचार करत सरोवर पाहण्यात काय मजा? सरळ सांगा, "लोणारले चालली, तिथून शेगाव." आधी लोणार म्हणा, मग शेगाव. देव तर वाटेत जागोजागी आहेत. लोणार गावात दैत्यसूदनाचं जुनं देऊळ आहे. लवणासुराला विष्णूनं इथं मारलं अशी कथा. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीव काम पाहायला अर्धा तास हाताशी ठेवा, आत जाऊन लगेच बाहेर येऊ नका. तिथल्या 'धार' नावाच्या झऱ्यावर गोमुखातून गोडं पाणी पडतं. पुढे मेहकरला शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली उंच मूर्ती आहे. ती १८८८ मध्ये जमिनीखाली सापडली. गटातल्या बायकांचं समाधान होईल आणि तुमचंही.

तीन दिवसांचा बेत असा धरा. सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं तालुक्याहून वाशीम, तिथून रिसोडमार्गे लोणार. थेट गाडी नसेल तर रिसोडला किंवा मेहकरला बदला. दुपारपर्यंत पोचलात तर संध्याकाळी देऊळ आणि काठावरून मावळतीचं ऊन. मुक्काम लोणारला, पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, खासगी लॉजही आहेत, पण आठ जणींसाठी निघायच्या आधी फोन करून खोल्या पक्क्या करा. मंगळवारी सकाळी परत सरोवर. तेव्हा ऊन दुसऱ्या बाजूनं असतं आणि तेच पाणी वेगळं दिसतं. दुपारी मेहकर, बालाजी, मग खामगावमार्गे शेगाव. मंगळवारची रात्र शेगावला, बुधवारी पहाटे दर्शन, महाप्रसाद, आणि अकोला-मूर्तिजापूर-कारंजामार्गे घरी. सोमवार मुद्दाम धरलाय, कारण शेगावला गुरुवार-रविवारची गर्दी टळते. माघ वद्य सप्तमीला महाराजांचा प्रकटदिन असतो. कॅलेंडरात ती तिथी पाहा आणि तिच्या आगेमागे जाऊ नका, नाहीतर अर्धा दिवस रांगेत जाईल. भक्तनिवासाची खोली आधार कार्ड पाहून मिळते, म्हणून आठही जणींनी कार्ड जवळ ठेवा. एकीच्या पिशवीत सगळ्यांची नको.

(मूर्तिजापूर ते यवतमाळ हा रस्ता आला की मला शकुंतला आठवते. ११३ किलोमीटरची ती छोटी गाडी कारंजा, दारव्हा करत जायची. लहानपणी मी तिच्यात बसून मावशीकडे गेलोय. खिडकीत बसल्यावर बोरीच्या फांद्या आत यायच्या. आता ती बंद आहे, तुम्हाला बसच धरावी लागेल.)

खर्च. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. राज्याच्या हद्दीत कुठंही चालतं. माझ्या हिशेबानं या सगळ्या फेरीचं साध्या गाडीचं भाडं माणशी पाचशेच्या घरात बसेल. राहणं, रिक्षा, चहापाणी धरून दोन हजार, फार तर अडीच. गटाचा हिशेब ठेवणारी बाई असेल तिच्याकडे निघायच्या आधीच सारखी वर्गणी जमा करा, खर्च तिच्याच हातून होऊ द्या. 'हे मी दिलं, ते तू दे' यात आठ जणींची मैत्री तुटलेली मी डोळ्यांनी पाहिलीय, तीही वाशीम स्टँडावर. कोणी म्हणेल, गाडी भाड्यानं करू, समृद्धीवरून झटकन जाऊ. जा, वाईट नाही. पण समृद्धीवरून ना गाव दिसतं ना माणूस. दोन्ही बाजूंनी कुंपण आणि मध्ये झोप.

आता खास कंडक्टरच्या नजरेतून थोडं. पाटी वाचून गाडीत चढू नका, 'मार्गे' विचारून चढा. एकाच गावाला तीन वाटांनी गाड्या जातात आणि एकाच नावाची तीन गावं असतात. बुलडाण्यात देऊळगाव राजा वेगळं, देऊळगाव मही वेगळं, देऊळगाव साकर्शा आणखी वेगळं. एकदा एक म्हातारबा दोन तास चुकीच्या दिशेला माझ्याच गाडीत बसून होते. तिकीट मी फाडलं होतं, गावाचं नाव अर्धंच ऐकून. कुठंही उतरलं की पहिली गोष्ट, चौकशीच्या खिडकीवर परतीची शेवटची गाडी विचारा. देऊळ नंतर, चहा नंतर. तिकीट फेकू नका. गाडी वाटेत बंद पडली तर त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या गाडीत बसवतात. जाताना तुम्ही पश्चिमेला जाणार, थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, म्हणून ड्रायव्हरच्या बाजूच्या रांगेत बसा, सावली राहील. येताना उलट बाजू. मागच्या बाकावर बसू नका, गुडघ्यांआधी कंबर जाईल. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं, उपाशीपोटी निघू नये आणि आल्याचा तुकडा तोंडात धरावा.

अजून एक. हे पुरुषानं लिहायचं नाही असं काही जण म्हणतील, पण मी लिहितो. आपल्याकडच्या बाया प्रवासात पाणी पीत नाहीत. लघवीला कुठं जायचं, म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर दिवस काढतात. माझ्या गाडीत अशा कितीतरी जणी चक्कर येऊन पडल्या, आणि दर वेळी सोबतची सांगायची, "सकाळपासून पानी नाई पेली ना." ताई, पाणी प्या. वाशीम, अकोला अशा मोठ्या स्टँडांवर गाडी बदलताना आठही जणी एकत्र जाऊन या. सुटे पैसे, साबणाची वडी आणि एक जुनं पातळ आडोशाला जवळ असू द्या. वाटेत अडचण झाली तर कंडक्टरला सांगा. सांगणाऱ्या बाईसाठी गाडी थांबवली नाही असा कंडक्टर मी तरी पाहिला नाही. न सांगणाऱ्याच हजार पाहिल्या.

गुडघ्यांचं. लोणार पाहायला खाली उतरलंच पाहिजे असं नाही. काठावरून सगळं दिसतं आणि दैत्यसूदनाचं देऊळ तर गावातच आहे. खाली जायची वाट उताराची आणि दगडांची आहे, ते अभयारण्य आहे, आणि जाण्यापेक्षा येताना जीव निघतो. ज्यांचे पाय चांगले त्यांनी सकाळी लवकर, हातात काठी घेऊन, माहितगार सोबत घेऊन जावं. माकडं आहेत, हातात खाण्याची पिशवी नको. बाकीच्यांनी वर बोरं खात बसावं. आठ जणींनी सगळीकडे एकत्रच गेलं पाहिजे हा नियम पहिल्याच दिवशी मोडा. किती वाजता कुठं भेटायचं तेवढं ठरवा. आणि आजपासून रोज संध्याकाळी धुऱ्यानं अर्धा तास चाला. कामाचं चालणं वेगळं आणि हे वेगळं.

काश्मीरला नाही म्हणू नका. मुलगा मनापासून देतोय आणि त्याच्या मनातही एक पाहायची जागा आहे, ती त्याला आईला दाखवायचीय. फक्त तारीख बदला म्हणावं. आपल्याकडे मे महिन्यात वावर रिकामं आणि घर तापलेलं असतं, तेव्हा तिकडं हवा छान असते. एप्रिलच्या सुरुवातीला श्रीनगरला ट्यूलिपची बाग फुललेली असते. टूरवाल्याला मुलानं काय काय विचारावं, तेही सांगतो. दिवसाला किती तास गाडीत बसायचं? पहलगामला आपली टूरची गाडी बेताब किंवा आरूच्या खोऱ्यात जात नाही, तिथली स्थानिक टॅक्सी करावी लागते. तिचे पैसे धरलेत का? घोड्यांचे? गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे आणि तिथला रोपवे आणखी वर नेतो. दम लागत असेल तर पहिल्याच टप्प्यावर उतरायचं. आणि हे पक्कं लक्षात ठेवा : आपल्याकडचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. हे न कळल्यामुळे पाच-पाच दिवस घरचे लोक घोरात राहतात. विमानाची भीती वाटत असेल तर नागपूरहून कटऱ्यापर्यंत रेल्वे आहे आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत सुरू झाली आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ४५ च्या वरच्या बायकांना, शिल्लक असेल तर, खालचा बर्थ आपोआप मिळतो, पण अर्जात वय बरोबर भरलं पाहिजे.

मात्र लोणार आधी. काश्मीरला तुम्हाला उठवतील, बसवतील, फोटो काढायला सांगतील, जेवायला नेतील. मुलगा असेल, मालक असतील, काळजी घेतील. तिथं तुम्हाला काही ठरवावं लागणार नाही. गाडी कोणती, उतरायचं कुठं, चहा आत्ता की नंतर, हे एकदा स्वतः ठरवून झालं की काश्मीरलाही तुम्ही म्हणाल, "थांबा जरा, मले इथं बसायचं हाय." मी बायकोला पहिल्यांदा फिरवलं तेव्हा असंच केलं होतं. इथं बस, हे पाहा, आता चल. ती अर्धा वेळ झोपली. पुढच्या वर्षी तीच बहिणीसोबत मार्कंड्याला गेली. वैनगंगेच्या काठची ती देवळं माझ्या जुन्या रस्त्यावरची, पण आल्यावर तिनं मला जे जे सांगितलं त्यातलं अर्धं मला ठाऊक नव्हतं. नदी तिथं उत्तरेला वाहते, हे मला बायकोकडून कळलं.

तुमच्यासारखं पत्र लिहिणाऱ्या, पण दुसऱ्या बाजूला राहणाऱ्या ताई-भाऊंसाठी दोन-चार ओळी. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांनी मार्कंडा पाहावा, पण महाशिवरात्रीची जत्रा सोडून. ताडोबाला जायचं तर मंगळवार टाळा, त्या दिवशी बंद असतं, आणि गाभ्याचं जंगल पावसाळ्यात बंद ठेवतात. अमरावतीकडे चिखलदरा आहेच. भीमकुंडाला सगळे जातात, पण गाविलगडावर सकाळी जाऊन पाहा, तटावर तुम्ही आणि वारा. वर्ध्याला सेवाग्रामची बापूकुटी, आणि धाम नदीकाठी पवनारला विनोबांचा आश्रम. सेवाग्रामचं आधीचं नाव शेगावच होतं, बरं का. टपाल आपल्या या शेगावला जायचं म्हणून १९४० मध्ये नाव बदललं. 'मार्गे' विचारा म्हणतो ते उगाच नाही.

राहिली म्हैस. हा प्रश्न तुम्ही पत्रात शेवटी शेवटी, एका ओळीत लिहिलाय, आणि मला वाटतं खरा अडसर तोच आहे. म्हैस एका हाताला सवयीची झाली की दुसऱ्याला पान्हा सोडत नाही, हे खरं. पण ती सवयीचीच गोष्ट. निघायच्या पंधरा दिवस आधीपासून मालकांना रोज धारेला शेजारी बसवा. पहिले चार दिवस तुम्ही काढा, ते नुसते बसतील, ढेप तेच घालतील. मग दोन सड त्यांच्याकडे, दोन तुमच्याकडे. मग सगळं त्यांच्याकडे आणि तुम्ही नुसत्या उभ्या. शेवटी तुम्ही आत चुलीपाशी. आमच्या गावात एका गड्यानं यासाठी बायकोचं जुनं लुगडं खांद्यावर घेतलं होतं, वासाला म्हैस फसते म्हणून. फसली. तुमचे मालक लुगड्याला तयार होतील की नाही मला ठाऊक नाही, पण विचारून पाहा. आणि विचाराल तेव्हा गटातल्या बाकीच्या सात जणी अंगणात असतील असं पाहा.